मूळव्याध नव्हती ती

चार वर्षं झाली, हे मी कुणापुढे बोललेलो नाही. आईपुढे नाही, बहिणीपुढे नाही, आणि ज्याच्यापुढे बोलायला हवं होतं त्याच्यापुढे तर नाहीच. तुमच्यापुढे बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या परतूरच्या बाजारात समोर आलात तरी मी तुम्हाला एक मेडिकलवालाच दिसेन. चष्मा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर पेन. "ताप आहे का अंगदुखी?" एवढंच विचारेन आणि गोळी देईन.

पण आधी एक गोष्ट साफ करतो, नाहीतर तुम्ही भलत्याच कबुलीची वाट बघत बसाल. माझं एका पुरुषावर प्रेम आहे. त्याची कबुली मी देत नाहीये, कारण तो गुन्हा नाही. मला शरीरसंबंधातून होणारा एक रोग झाला होता. तोही गुन्हा नाही — जंतू होता, औषध होतं, संपला. ज्यांना एवढ्यावरच शिसारी आली असेल त्यांनी इथंच पान मिटावं, माझी काही हरकत नाही. मला लाज वाटते. चांगलीच वाटते. पण ती या दोन्ही गोष्टींची नाही, आणि जिची वाटते तिच्यापर्यंत पोचायला मला जरा वेळ लागणार आहे.

मारोतीपासून सुरू करतो.

मारोती आष्टीचा. आष्टी ते परतूर काळी-पिवळी जीप चालवायचा. घरची शेती थोरला भाऊ बघायचा. मारोतीचं एकदा लग्न झालं होतं. वर्षभरात बायको माहेरी गेली, चारचौघांत फारकत झाली, आणि त्यानं तिच्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. घरात तो आणि त्याची आई. आमची ओळख माझ्या काउंटरवर झाली — डोकेदुखीच्या गोळीवरून. परतूरला जीपचा नंबर लागेपर्यंत त्याला तास-दीड तास काम नसायचं. मग तो माझ्या काउंटरमागे स्टुलावर येऊन बसायचा. आधी नुसत्या गप्पा. मग माल आला की खोके उतरवणं. मग स्ट्रिपा रॅकमध्ये लावणं. आणि मग — तुम्ही लहान नाही, पुढचं सांगायला नको. चार वर्षांपूर्वी त्याला सहा वर्षं झाली होती. माझं घर परतूरच्या बौद्धवाड्यात, त्याचं आष्टीतल्या पाटलांच्या गल्लीत. या दोन गल्ल्यांमधलं अंतर या भागातल्या माणसाला मोजून दाखवावं लागत नाही. तरी त्याच्या आईनं मला घरात बसवून, स्वतःच्या हातानं वाढलं. मी मेडिकलवाला म्हणून तिच्या लेखी डॉक्टर होतो. डॉक्टरला कोण बाहेर बसवतं?

त्या स्टुलावर बसून मारोतीला निम्मं दुकान पाठ झालं होतं. कुठली गोळी कशाची, हे मीच त्याला सांगायचो. आणि त्यात एक घाणेरडी सवय होती माझी, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सुट्टीला गावी आलेले पुण्याकडचे कामगार खालमानेनं येऊन "ते इन्फेक्शनचं द्या" म्हणायचे. मी डॉक्सीसायक्लिनच्या कॅप्सूल कागदात गुंडाळून द्यायचो, आणि तो माणूस पायरी उतरला की मारोतीला डोळा मारायचो. "घेऊन आला बघ पुण्याचा प्रसाद." तो हसायचा. मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसायचो. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून — दुसरं काय? चिठ्ठीशिवाय द्यायला नको होत्या, तेही करायचो.

आता हैदराबाद. चुलतभावाचं लग्न होतं, परतूरहून रेल्वेनं गेलो. लग्नानंतरचा एक दिवस मोकळा होता. फोनवरच्या ॲपवर एक जण भेटला. त्याचं नाव लिहीत नाही. त्याचा काही दोष नाही यात. दुपारची गोष्ट. निरोध माझ्या पाकिटात होता — माझ्या पाकिटात नसेल तर कुणाच्या असणार? वापरला नाही. का, असं विचाराल तर उत्तर एवढंच आहे की वापरला नाही. परत आलो. आठ दिवसांनी मारोती आणि मी भेटलो, नेहमीसारखे, आणि तिथंही वापरला नाही, कारण आम्ही कधीच वापरत नव्हतो.

त्यानंतर आठवड्याभरानं, भर दुकानात, हैदराबादच्या त्या माणसाचा मेसेज आला. "भाई, मेरा टेस्ट पाजिटिव आया. क्लॅमिडिया बोल रए. तुम बी जाके करालो. सॉरी." एवढाच. एका दुपारची ओळख, पुन्हा तोंड बघायचं नव्हतं, न कळवता तो सहज सुटला असता. तरी त्यानं कळवलं. मला राग आला त्याचा! मी त्याला ब्लॉक केलं. हे पण लिहून ठेवतो.

मला त्रास काहीच नव्हता. तीच तर या रोगाची गंमत. बहुतेकांना काहीच होत नाही. दुखत नाही, खुपत नाही, माणूस हिंडत-फिरत असतो आणि आत जंतू बसलेला असतो. औरंगाबादला — आता संभाजीनगर म्हणायचं — एका त्वचा आणि गुप्तरोगाच्या डॉक्टरीण बाईंकडे गेलो. परतूर-जालन्यात कुणी ओळखीचं भेटलं असतं. मी मोघम बोलायला लागलो, तशा बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, संबंध कुठं-कुठं आला? लिंगानं, गुदद्वारातून, तोंडानं? मी वीस वर्षं औषधं विकतोय, हे शब्द मला इतक्या साध्या आवाजात कुणी विचारले नव्हते. मी सांगितलं. त्यांनी लघवी घेतली आणि मागच्या जागेतूनही कापसाच्या काडीनं नमुना घेतला. म्हणाल्या, ज्या जागी संबंध आला त्या जागी तपासायचं. लघवी स्वच्छ आली म्हणून गुदाशय स्वच्छ असतोच असं नाही. माझा रोग दोन्हीकडे निघाला.

सात दिवस, दिवसातून दोनदा, डॉक्सीसायक्लिन. तीच कॅप्सूल. सात दिवस कुणाशी संबंध नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. आणि जोडीदार? त्याला सांगा, त्याला घेऊन या, त्याला काही होत नसलं तरी घेऊन या — हे बाई तीनदा म्हणाल्या. मी तिन्ही वेळा हो म्हणालो. जोडीदार एकच आहे, सहा वर्षांचा आहे, भला आहे, असंही वर सांगितलं. बाई म्हणाल्या, मग सोपं आहे की.

सोपंच होतं. मारोती दुसऱ्याच दिवशी अकरा वाजता स्टुलावर येऊन बसला होता. मी म्हणणार होतो — मी हैदराबादला असं केलं, मला हे झालंय, तुलाही झालं असेल, ही घे गोळी. चार वाक्यं. मी त्याला चहा पाजला आणि अवकाळी पावसाबद्दल बोललो.

का? तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच पाहिजे. मला भीती वाटली. तो सोडून जाईल ही. त्या स्टुलावर पुन्हा बसणार नाही ही. झालं. याच्यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, समाजाचं शोधलं, गल्ल्यांचं शोधलं, कायद्याचंही शोधून पाहिलं. पण तसलं काही मधे आलं नव्हतं. मारोतीला सांगायला मला कुठल्या समाजाची परवानगी लागणार होती? समाजाला दोष द्यायची मला हौस आहे, आणि तो त्या दोषाला पात्रही आहे. पण हे एक काम माझं एकट्याचं आहे, ते मी त्याला वाटून देणार नाही.

मी माझा कोर्स पूर्ण केला. बरा झालो. तीन महिन्यांची तपासणीही केली. स्वच्छ.

मारोतीचं सुरू झालं ते साधारण महिन्याभरानं. एक दिवस स्टुलावर बसलाच नाही, रॅकला टेकून उभा राहिला.

"मिल्या, बसवत न्हाई रे. रक्त बी जाऊन राह्यलं."

मी मान वर न करता म्हणालो, "ड्रायव्हर लाईन. मूळव्याध असंल."

हे वाक्य मी किती सहज बोललो ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. आमच्याकडे कमरेखाली मागच्या बाजूला काहीही झालं की ती मूळव्याधच असते. दुखलं — मूळव्याध. रक्त — मूळव्याध. चिकट पाणी जातं, शौचाला लागल्यासारखं होतं अन् होत नाही — मूळव्याध. ड्रायव्हरला तर ती हमखास ठरलेली. सीटखाली इंजिन तापतं, उष्णता चढते, असं सगळे म्हणतात, आणि जीपवाले टॉवेलाची घडी घालून त्यावर बसतात. कुणाला संशय यायचा प्रश्नच नव्हता. मला संशय नव्हता — मला माहीत होतं. माहीत असणारा आख्ख्या तालुक्यात मी एकटा होतो. आणि मी त्याला मलमाची ट्यूब, इसबगोल आणि पोट साफ व्हायची गोळी दिली. पिशवीत घालून दिली. वर म्हणालो, तिखट बंद कर.

त्यानं केलं. त्याच्या आईनं तर घरातलंच तिखट बंद केलं. ठेचा नाही, रस्सा नाही, भाकरी आणि ताक, आणि मूळव्याधीला चांगला म्हणून सुरण. कुठून कुठून सुरण आणायची ती म्हातारी. मी जेवायला गेलो की मलाही तेच वाढायची आणि म्हणायची, "डाक्टर, तुमी हायेत म्हणून मला घोर न्हाई." मी ताकात भाकरी कुस्करून खायचो. ताक चांगलं असायचं. घास अडकला, घशाखाली उतरेना, असलं काही झालं नाही. उतरायचा.

तुमच्या मनात आलं असेल — अरे, सांगायचं नव्हतं तर निदान गुपचूप गोळी तरी द्यायचीस! मलम देतोस, त्याच्यासोबत ही पण घे म्हणायचंस. मला सुचलं नसेल असं वाटतं? पहिल्याच दिवशी सुचलं. पण मारोतीला ती कॅप्सूल ओळखता येत होती. "पुण्याचा प्रसाद" मीच शिकवला होता ना त्याला. स्ट्रिप हातात घेतली असती तर त्यानं माझ्याकडे बघितलं असतं. बाटलीत काढून देता आली असती. तेही सुचलं. पण गोळी दिली तरी सात दिवस जवळ येऊ नको म्हणावं लागलं असतं, का म्हणून विचारलं असतं, आणि एका खोट्याला दहा टेकू लावत बसावं लागलं असतं. मलमाला एकही टेकू लागत नव्हता. आणि जवळ येणं मी तसंही बंद केलंच होतं. "तुझं दुखतंय ना, आधी बरा हो" म्हणायचो. त्याला ती माया वाटायची. डोळे भरून यायचे त्याचे.

तीन महिने असे गेले. रॅकमध्ये, त्याच्या डोक्याच्या उंचीवर, त्याचं औषध होतं.

मलमानं काही होईना तेव्हा मीच त्याला म्हणालो, जालन्याला मूळव्याधीवाल्या डॉक्टरला दाखवू. मीच. माझ्या दुकानाच्या चिठ्ठीवर मी त्या दवाखान्याचं नाव लिहून दिलं. मारोती लाजत होता. अवघड जागेचं दुखणं, दाखवायचं कुणाला? म्हणून मी सोबत गेलो. आत सूज होती, जखमा होत्या. त्या डॉक्टरांनी लघवी तपासून घेतली, रक्त तपासून घेतलं, सगळं स्वच्छ. संबंधांबद्दल एक शब्द विचारला नाही, मूळव्याधच धरून ऑपरेशन ठरवलं. आडदांड बांध्याचा, मिशीवाला, आष्टीचा जीपवाला — त्याला कोण विचारणार? मला त्या डॉक्टरांचा अजून राग येतो. एक प्रश्न विचारला असता तर? पण हा रागही मी जपून वापरतो, कारण प्रश्न विचारला गेला होता. फक्त तो कागदावर, माझ्या हातात आला होता.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं फॉर्म दिला. मारोती खाटेवर कुशीवर पडला होता. म्हणाला, तूच भर, तुला त्यातलं कळतं. मी भरला. नाव, वय, गाव. पूर्वीचे आजार. ॲलर्जी. आणि एक ओळ होती — डॉक्टरांना सांगण्यासारखं इतर काही. त्या ओळीपुढे मी लिहिलं, "काही नाही." माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. खाली सही केली, आणि रुग्णाशी नातं या रकान्यात "मित्र" असं लिहिलं. पेन परत दिलं. मारोतीला आत नेलं, तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं होतं, आणि मी म्हणालो, काही होत नाही, साधी गोष्ट आहे.

जे नव्हतं त्यासाठी त्याला कापलं.

जखम भरेना. भरणार कशी? जंतू आतच होता. पाऊसकाळ गेला, तरी तो पालथाच झोपत होता. आणि भरली ती अशी भरली की जागा आवळून गेली. आता त्याला अर्ध्या तासाच्या वर बसता येत नाही. शौचाला जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून घाबरतो. जीप दुसराच कुणीतरी चालवतो. मारोती एका जिनिंगच्या गेटवर कापसाच्या गाड्या आत सोडतो — उभ्याचं काम म्हणून मिळालं ते घेतलं. सहा फुटी माणूस, स्टेअरिंगला हात लावला की गाणं म्हणायचा. आता म्हणत नाही. हे मी केलं. जंतूनं नाही केलं. जंतू सात दिवसांत मेला असता.

अजून ते आलेलं नाही. जे सांगायला मी बसलोय, ते यापुढचं आहे.

दसऱ्याच्या सुमाराला मारोती मला न सांगता जालन्याच्या सरकारी दवाखान्यात गेला. माझ्यावर किती भार टाकायचा, असं त्याला वाटलं म्हणे. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं दार लोटून घेतलं आणि त्याला विचारलं — जे मला औरंगाबादला बाईंनी विचारलं होतं ते. मारोतीनं खरं सांगितलं. मारोतीनं, ज्यानं आयुष्यात मोठ्या आवाजात हे उच्चारलं नव्हतं, त्यानं एका अनोळखी माणसाला पहिल्या भेटीत खरं सांगितलं. मागच्या जागेचा नमुना घेतला. क्लॅमिडिया. दुखणं लांबलं होतं म्हणून त्याला तीन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या, आणि जोडीदारासाठी सात दिवसांच्या वेगळ्या.

त्या घेऊन तो जालन्याहून थेट दुकानात आला. त्याच दुपारी. घरी आईकडे आधी गेला नाही. काउंटरच्या पलीकडे गिऱ्हाइकासारखा उभा राहिला, आत आला नाही.

"मिल्या, मला क्लॅमिडिया निघालं. वर्षाखाली पुण्याला भाडं घेऊन गेल्तो ना, तव्हा एक बारी झालं होतं. एकाच बारी. तुला सांगितलं न्हाई म्या. ते लई दिवस गप बसून राह्यतं म्हणे आत. मंग तुला बी माझ्यामुळंच झालं असंल. ह्या गोळ्या घे, बिलकुल चुकवू नको. आन — जमलं तर माफ कर."

त्यानं स्ट्रिप काचेवर ठेवली. बोटानं माझ्याकडे सरकवली.

आता सांगा. याच्यापेक्षा सोपी वेळ कधी आली असती? त्यानं स्वतःहून स्वतःचं पाप काढून समोर ठेवलं होतं. माझ्यासारखंच, तेवढंच. मी फक्त म्हणायचं होतं — मारोती, मी पण. आम्ही दोघं सारखे झालो असतो. रडलो असतो, भांडलो असतो, कदाचित त्यानं मला तिथंच मारलं असतं, पण सारखे झालो असतो. मी काउंटरच्या आत होतो, तो बाहेर होता, आणि तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मी न्यायाधीश आहे.

मी त्याला माफ केलं.

तोंडानं म्हणालो. "जाऊ दे. होतं माणसाकडून. माफ केलं." आवाजही बरोबर लागला — थोडा दुखावलेला, थोडा मोठ्या मनाचा. आणि ते म्हणताना मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण हेच लिहायचं होतं. मला बरं वाटलं! तो ओंजळीत तोंड घालून रडला आणि मी काउंटरच्या बाहेर येऊन त्याच्या पाठीवर हात फिरवला. मग सात दिवस, रोज, त्याच्या देखत मी त्या गोळ्या घेतल्या. माझी लघवी स्वच्छ, गुदाशय स्वच्छ, तपासणीचा कागद दुकानातच ठेवलेला, आणि मी घोट घेऊन कॅप्सूल गिळायचो. तो बघत राहायचा, आणि प्रत्येक कॅप्सुलीगणिक त्याचा चेहरा पडायचा. आपल्यामुळे याला गोळ्या खाव्या लागतात म्हणून.

आम्ही अजून सोबत आहोत. पुन्हा तो पुण्याचा विषय काढत नाही, आणि मी काढू देत नाही, आणि त्यालाही तो माझा मोठेपणा समजतो. वाद झाला तर तो आधी माघार घेतो. पूर्वी घेत नव्हता. पूर्वी आम्ही बरोबरीनं भांडायचो.

पौर्णिमेला विहारात आम्ही पंचशील म्हणतो. तिसरं शील कामवासनेतल्या गैरवर्तनाचं. त्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. भन्तेजी असोत की माझा मामा, समोर बसा, मी बोलतो. पुरुषावर प्रेम केलं म्हणून तिथं माझी मान खाली जात नाही, जाणार नाही. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते आलं की मी ओठ हलवतो, आवाज काढत नाही. बाजूला आई असते. तिला वाटतं माझा घसा बसलाय.

तुम्ही म्हणाल, मग आता सांग त्याला. माहीत आहे मला. हे मला माहीत नाही असं समजून सांगू नका. तुम्हाला सांगणं सोपं होतं म्हणून तुम्हाला आधी सांगितलं. तेही त्याच भित्रेपणातलं आहे, धरा त्याच्यातच. आणि तुम्ही मला माफ करू नका. ते मी मागत नाहीये, आणि ते किती स्वस्तात देता येतं हे मी स्वतः देऊन बघितलंय.

गेल्या महिन्यात मारोतीच्या भाचीचं लग्न होतं, आष्टीला. मांडवात पंगत बसली होती. मारोती बसू शकत नाही म्हणून खांबाशी उभा राहून, ताटली हातात धरून जेवत होता. कुणा पाहुण्यानं त्याच्या तब्येतीचं विचारलं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा मिलिंद होता म्हून वाचलो म्या. सख्खा भाऊ करणार न्हाई तेवढं केलं यानं." त्याच्या आईनं पदरानं डोळे पुसले. पंगतीतली माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी बसल्या जागेवरून सगळ्यांना हात जोडले. मग वाढप्यानं वाढलेली दुसरी पोळी घेतली, आणि पोटभर जेवलो.